भिंग आधी, कॅमेरा मागाहून

"भिंगातलं मला शिकवायचं नाही!" हे वाक्य चष्मेवाले काका दिवसातून तीनदा म्हणत. दोनदा जेवणाआधी आणि एकदा जेवणानंतर.

चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या नाकांवर काचा बसवल्या होत्या. गल्लीला जे काही स्वच्छ दिसत होतं ते काकांच्या कृपेनं, आणि जे दिसत नव्हतं ते लोकांच्या हट्टानं. एका गिऱ्हाइकाला म्हणे त्यांनी इतका नेमका नंबर काढून दिला, की भिंतीवरची अक्षरं तर त्याला दिसलीच, पण ती रंगवताना रंगाऱ्याच्या मनात काय चाललं होतं तेही वाचता आलं. यातलं खरं किती ते त्या गिऱ्हाइकाला ठाऊक. आपल्याला पुढे जायचंय.

तर अशा या काकांनी ठरवलं, की कॅमेरा घ्यायचा. साधासुधा नाही, डीएसएलआर. त्याला लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स. आणि हे सगळं जुनी स्कूटर विकून आलेल्या पैशांत. वर एक दमडी नाही, असं काकूंना वचन.

कारण होती लेक. मैदानापलीकडे एक उंचच उंच इमारत उभी राहत होती, आणि तिच्या शेजारी त्याहून उंच अशी पिवळी क्रेन. त्या क्रेनच्या टोकाशी आगपेटीएवढ्या दिसणाऱ्या काचेच्या खोक्यात बसून काकांची लेक ती क्रेन चालवायची. काकांना अभिमान असा, की गिऱ्हाइकाचे डोळे तपासताना ते अक्षरांच्या तक्त्याऐवजी खिडकीतून क्रेनकडे बोट दाखवत आणि "तिथे कोण बसलंय सांगा" म्हणून विचारत. उत्तर न येणाऱ्याला चष्मा ठरलेला.

काकूंचं मात्र उलट. आठ महिने झाले, त्यांनी त्या दिशेला मान वर केली नव्हती. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या त्याही पाठमोऱ्या. त्यांच्या मनात एक चित्र पक्कं बसलं होतं: लेक लोखंडी दांडीवर कावळ्यासारखी बसलीय, पाय खाली लोंबतायत आणि वारा सुटलाय. लेक रोज सांगायची, आई, वर खुर्ची आहे, पट्टा आहे, पंखा आहे. काकू रोज तिची बोटं मोजून घ्यायच्या.

आता इमारत पुरी होत आली होती. रविवारी क्रेन उतरवणार होते. लेकीला पुढचं काम दुसऱ्या शहरात मिळत होतं, याच्या दुप्पट उंचीवर. सोमवारी तिला हो की नाही ते कळवायचं होतं, आणि तिनं बाबांना सांगून ठेवलं होतं, "आई रडली, तर मी नाही जाणार." आणि काकूंनी तर रडण्याचा सराव सुरूही केला होता.

काकांचं गणित सरळ होतं. लेकीचा खुर्चीत बसलेला, हसरा, स्पष्ट फोटो काढायचा आणि काकूंच्या हातात द्यायचा. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात काकांनी दुकानदाराचा अख्खा शुक्रवार खाल्ला. दुकानदारानं आधी कॅमेरा आणि बरोबरची छोटी लेन्स दाखवली. काकांनी दारात उभं राहून क्रेनकडे रोखून बघितलं. लेक मोहरीएवढी दिसली. मग त्यानं कॅमेरा आणि एक स्वस्तातली लांब लेन्स पुढे केली. काकांनी ती उजेडात धरली, आत फुंकर मारली आणि आतल्या काचेवर बुरशी आहे हे दुकानदाराला त्याच्याच दुकानात ऐकवलं. दुकानदार जरा खजील झाला. मग त्यानं कपाटातून कापडात गुंडाळलेलं एक धूड काढलं. चारशे मिलिमीटरची लेन्स! दुधाच्या किटलीएवढी, आणि काच अशी की काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. किंमत बरोब्बर स्कूटरएवढी.

"पण मग कॅमेऱ्याला पैसे उरत नाहीत," काका म्हणाले.

"काका, कॅमेरे येतात नि जातात," दुकानदार म्हणाला. "राहतं ते भिंग."

हे वाक्य ऐकण्यासाठी काका चाळीस वर्षं जगत होते. कॅमेऱ्याची सोय त्यांनी उभ्या उभ्या मनात लावून टाकली. काकांच्या दुकानाशेजारी पासपोर्टचे फोटो काढणारा होता. त्याचा कॅमेरा तासाभरासाठी मागून आणायचा. नाहीतरी तो दिवसभर घाबरलेल्या चेहऱ्यांपुढे नुसता उभाच असतो.

"कॅमेरा कुठल्या कंपनीचा आहे?" दुकानदारानं पावती करताना विचारलं.

"काळा आहे," काका म्हणाले.

दुकानदाराला वाटलं, म्हातारा गमत्या आहे. तो हसला. काकाही हसले. आणि इथेच सगळी माती झाली.

आता बघा, चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकानं पाऊल टाकलं की काकांचा पहिला प्रश्न काय? "फ्रेम कुठली?" कारण भिंग कितीही गुणाचं असो, फ्रेमच्या खाचेत बसलं तर चष्मा, नाहीतर काचेचा तुकडा. हे ज्यांनी चाळीस वर्षं जगाला पढवलं, त्यांनी स्वतःच्या वेळी तो प्रश्न "काळा" या एका शब्दात उडवून लावला. संध्याकाळी पासपोर्टवाल्यानं लेन्स हातात घेतली, कॅमेऱ्यासमोर धरली, डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली आणि मान हलवली. त्याचा कॅमेरा एका कंपनीचा, काकांची लेन्स दुसरीची. दोघांच्या खाचा वेगळ्या. काका म्हणाले, त्यात काय, जरासं घासून बसवू. आणि त्यांनी खरंच खिशातून कानस काढली. पासपोर्टवाल्यानं कॅमेरा छातीशी धरला आणि दोन पावलं मागे सरला.

"काका, तिपाई न्या. हवी तर दोन न्या. पण माझ्या कॅमेऱ्याला हात लावू नका."

जुन्या कॅमेऱ्यांचा दुकानदार फोनवर म्हणाला, बदलून देतो, पण सोमवारी. क्रेन रविवारी उतरणार. मधे उरला एक शनिवार, आणि हातात अख्ख्या गल्लीतलं सर्वांत महागडं भिंग, मागे कॅमेराच नाही! घोड्याचा खरारा विकत आणला आणि घोडाच नाही, तशी गत.

पण काका म्हणजे काका. शनिवारी सकाळी त्यांनी गॅलरीत तिपाई मांडली, तिच्यावर ते धूड चढवलं आणि डोळे तपासण्याच्या भिंगांच्या पेटीतून सर्वांत जास्त नंबरचं भिंग काढून पुठ्ठ्याच्या नळीत बसवून लेन्सच्या मागे चिकटवलं. झाली दुर्बीण! कॅमेरा नाही तर नाही. फोटोपेक्षा जिवंत लेक बघितलेली काय वाईट? त्यांनी डोळा लावला. क्रेन, काचेचं खोकं, खुर्ची, लेक, लेकीच्या हातातला चहाचा पेला. पेल्यातली वाफसुद्धा दिसली असं काका आजही शपथेवर सांगतात.

काकूंना आणायला अर्धा तास लागला. त्या आल्या त्या डोळे मिटून, काकांचा हात धरून. लेन्सपाशी वाकल्या. एक डोळा उघडला.

मग अगदी हळू म्हणाल्या, "अहो, ती उलटी आहे."

"असणारच," काका म्हणाले.

"डोकं खाली आहे तिचं."

"हो ना. पाय वर असणार."

काकू मागच्या बाकावर मटकन बसल्या. "आठ महिने मला सांगतेय, खुर्ची आहे म्हणून!"

"आहे की खुर्ची," काका म्हणाले. "तीही उलटीच आहे."

यात काकांचा काडीचाही खोडसाळपणा नव्हता, एवढं माझं ऐका. दोन भिंगं अशी एकामागे एक धरली की चित्र उलटं दिसतं, आणि धंद्यातल्या यंत्रांमधून उलटी चित्रं बघण्यात त्यांची हयात गेली होती. उलटं आणि सुलटं यातला फरक त्यांच्या लक्षातच येईनासा झाला होता. पण काकूंचं काय? त्यांनी आठ महिने कल्पिलेल्या कावळ्याची जागा आता वटवाघळानं घेतली होती.

चूक ध्यानात आली तेव्हा काकांनी लेन्स समोरच्या गच्चीकडे वळवली. तिथे एक निवृत्त मास्तर झाडांना पाणी घालत होते. काकूंनी पाहिलं. मास्तर आभाळाला पाय टेकून उभे होते आणि झारीतलं पाणी खालून वर चाललं होतं. मास्तर गेली वीस वर्षं तसे कधी वागले नव्हते. काकूंना हळूहळू पटलं.

"मग सुलटं करा ना यंत्र."

"यंत्र उलटं केलं तरी उलटंच दिसणार गं."

"म्हणजे भिंगातलं तुम्हाला सगळं कळतं, फक्त सुलटं करायचं तेवढं कळत नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला. "सरका. मीच उलटी होते."

आणि साठीला टेकलेल्या काकू बाकावर उताण्या झोपल्या, पाय भिंतीला लावले, डोकं बाकाच्या कडेवरून खाली सोडलं आणि काकांनी तिपाई खाली घेताच डोळा नळीला लावला. काका गुडघ्यांवर बसून त्यांचं डोकं दोन्ही हातांनी तोलून धरू लागले.

लेक सुलटी झाली.

खुर्ची होती. खांद्यावरून पट्टा होता. पंखा होता, आणि तो फिरत होता. लेकीनं पेला ठेवला, हात दांड्यावर नेला आणि बोटभर हलवला. खाली लोखंडी सळयांचा भारा उचलला गेला, हवेतून सावकाश आला आणि स्लॅबवर टेकला. धक्का नाही, हेलकावा नाही. काकूंनी श्वास सोडला.

"अहो, ही लोखंड ठेवतेय की बाळ निजवतेय?"

काकांनी नुसतं डोकं धरून ठेवलं. बोलायला गेले असते तर हात हलला असता. काकूंना मात्र त्या अवस्थेतही हसू फुटलं, आणि हसताना पाय भिंतीवर आपटू लागले.

आता जरा वर चला, क्रेनवर. लेकीची एक सवय होती. चहा झाला की फोनचा कॅमेरा मोठा करून ती घराची गॅलरी बघायची. रोज तिला आईची पाठ दिसे. आज तिला दिसलं, की आई बाकावरून खाली लोंबतेय, पाय झाडतेय आणि बाबा गुडघे टेकून तिचं डोकं धरून बसलेत! घाबरून तिचं बोट बटणावर पडलं आणि फोटो निघाला. तिनं आईला फोन लावला. तो स्वयंपाकघरात वाजला. बाबांना लावला. तोही स्वयंपाकघरातच, पहिल्याच्या शेजारी वाजला. मग तिनं वायरलेसवर मुकादमाला सांगितलं, घरी आई पडलीय, आणि पट्टा सोडून शिडीकडे निघाली.

पाच मिनिटांत पिवळी शिरस्त्राणं घातलेली सहा माणसं स्ट्रेचर घेऊन मैदान ओलांडत धावत आली. ती बघून पासपोर्टवाला दुकान उघडं टाकून त्यांच्या मागे, त्याच्यासमोर नुकतीच मान ताठ करून बसलेली बाई त्याच्या मागे, आणि झारीसकट मास्तर सगळ्यांच्या मागे. दार उघडंच होतं. वरात गॅलरीत शिरली.

"हळू," काका न वळता म्हणाले, "तिपाई हलेल."

प्रथमोपचारवाल्यानं काकूंचा हात धरून नाडी बघितली आणि चक्कर येतेय का म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, मघाशी येत होती, आता सगळं सुलटं दिसतंय. त्यानं मुकादमाकडे बघितलं. मुकादमानं स्ट्रेचर जवळ घ्यायची खूण केली.

"थांबा," काकू म्हणाल्या. "कुणी मधे येऊ नका. ती उतरतेय."

ज्या गोष्टीच्या नुसत्या विचारानं काकूंची झोप उडायची, तीच आता त्यांच्या डोळ्यासमोर चालली होती. लेक शिडीनं खाली येत होती. एक पाय, एक हात. कमरेची कडी सोडायची, पुढच्या दांडीला अडकवायची, ओढून बघायची. मग दुसरा पाय. आई पडल्याची खबर डोक्यात घेऊन उतरतानासुद्धा एकही कडी चुकली नाही. काकूंनी शेवटच्या पायरीपर्यंत पापणी लववली नाही.

"रोज अशीच उतरते?" त्यांनी विचारलं.

"रोज," मुकादम म्हणाला. "आम्ही नव्या माणसांना तिच्याकडे बघून शिका म्हणतो."

लेक धापा टाकत गॅलरीत आली तेव्हा काकू अजून तशाच होत्या. सरळ व्हायला जावं तर मान धरली होती. त्यांनी खालूनच लेकीकडे बघितलं, आणि आता इतक्या वेळानं ती पुन्हा उलटी दिसली.

"आई, काय हे! मला वाटलं..."

"मलाही आठ महिने काहीबाही वाटत होतं," काकू म्हणाल्या. "सोमवारी हो म्हणून कळव. आणि वर चहा पिताना पोक काढून बसतेस, ते आधी बंद कर."

मग सहा जणांनी मिळून काकूंना सरळ केलं. स्ट्रेचर वाया जायला नको म्हणून त्यावरूनच आत पलंगापर्यंत नेलं. मान आठ दिवस शेकावी लागली. काका शेकत होते, आणि चूक भिंगाची नव्हती हे समजावून सांगत होते.

सोमवारी ते लेन्स बदलायला गेलेच नाहीत. ती अजून गॅलरीत आहे. मागे कॅमेरा नाही तो नाहीच. या सगळ्या प्रकरणात एकच फोटो निघाला, तोही लेकीच्या साध्या फोनवर. त्यात काकू मनापासून हसतायत, पण डोकं खाली. काकूंचं म्हणणं पडलं, की फोटो लावायचा तर माझा चेहरा सुलटा दिसला पाहिजे. म्हणून तो चौकटीत घालून, उलटा करून, चष्म्याच्या दुकानात अक्षरांच्या तक्त्याशेजारी टांगला आहे. काकू सुलट्या, आणि काका छताला गुडघे टेकून लटकलेले.

परवा एक नवीन गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलं. त्यानं तक्त्यातली सगळी अक्षरं धडाधड वाचली. मग फोटोकडे बघून ते अडखळलं. काकांचा मान राखत त्यानं हळूच विचारलं, की मला त्यात तुम्ही उलटे दिसताय, नंबर फारच वाढलाय का?

"नंबर ठीक आहे तुमचा," गल्ल्यावरून काकू म्हणाल्या. "ते उलटेच आहेत."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"असणारच," ते म्हणाले.