साडूंच्या बाथरूममधली बॅटरी

"बॅटरी चार्ज करणं म्हणजे दूध तापवणं! समोरून हलायचं नाही, एवढं ज्याला जमलं त्याला सगळं जमलं!"

हे वाक्य चष्मेवाले दिवसातून चारदा तरी बोलायचे. त्यांच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक भिंतीवरची बारीक अक्षरं वाचत असायचं आणि हे त्याला रिमोटच्या गाडीची बॅटरी समजावत असायचे. वय पन्नाशीच्या पुढे, पोट त्याच्याही पुढे, आणि नाद रिमोटच्या मोटारगाड्यांचा! खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नसे. "खेळणं तुमचं! ही शर्यतीची गाडी आहे!"

आता खरं सांगायचं तर या शर्यतीच्या गाडीनं अजून एकही शर्यत पुरी केली नव्हती. एकदा ती गटारात गेली. एकदा कुत्र्यानं तोंडात धरून पळवली. एकदा तर सुरुवातीची शिट्टी वाजताच उलटी पळाली आणि पंचांच्या पायावर आदळली. म्हणून या रविवारच्या शर्यतीसाठी चष्मेवाल्यांनी कंबर कसली होती. जिंकायचं राहू द्या, ती शेवटची पांढरी रेघ एकदा ओलांडायची!

अडचण एकच होती. बायको.

मागे त्यांनी जेवणाच्या टेबलावर बॅटरी चार्जिंगला लावली आणि "हा आलोच" म्हणून फोनवर गप्पा मारत बसले. परत येऊन बघतात तर नव्याकोऱ्या टेबलक्लॉथला मधोमध हे एवढं भोक! बायको शांतपणे म्हणाली, "यापुढे या घरात ती बॅटरी चार्ज करताना दिसलात, तर मी तुम्हालाच प्लगमध्ये खोचीन." चष्मेवाल्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला. या घरात पुन्हा कधी नाही!

शब्दाला ते पक्के होते. म्हणूनच त्यांनी दुसरं घर शोधलं.

शर्यत ज्या गावात होती, तिथे त्यांची मेव्हणी राहायची. "अगं, तुझ्या बहिणीकडे किती दिवसांत गेलो नाही आपण! या शनिवारी जाऊ या का?" असं त्यांनी म्हणताच बायकोला भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माहेरच्या माणसांचं नाव या माणसानं आपणहून पहिल्यांदाच काढलं होतं!

"बॅग एवढी जड कशानं झालीय हो?" तिनं निघताना विचारलं.

"पुस्तकं आहेत. तुझ्या बहिणीसाठी."

बॅगेत गाडी होती, दोन बॅटऱ्या होत्या, चार्जर होता आणि दोन मोज्यांत ठासून भरलेली कोरडी वाळू होती. बॅटरीनं पेट घेतलाच तर पाणी कामाचं नाही, वाळूच लागते, हे त्यांनी वाचलं होतं. या खेपेला हयगय नाही!

रविवारी सकाळी चष्मेवाल्यांनी मेव्हणीच्या घराची पाहणी केली. दिवाणखान्यात गालिचा. बाद! झोपायच्या खोलीत गाद्या आणि पडदे. बाद! स्वयंपाकघरात गॅस. देवा रे! उरलं बाथरूम. खाली फरशी, भिंतीला टाइल्स, जळण्यासारखं काही नाही, आणि कोरड्या कोपऱ्यात वॉशिंग मशीनचा प्लग! त्यांनी फरशी साडूंच्या टॉवेलनं लख्ख पुसली. मशीनचा प्लग काढला, तेव्हा आत साडूंचे शर्ट गरगर फिरत होते ते जागच्या जागी थांबले. बाल्कनीतून मातीची कुंडी आणली. तिच्यातली कोरफड उपटून तांब्यात ठेवली, माती काढून टाकली, तळाचं भोक बोळ्यानं बुजवलं. मेव्हणीचे भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले, डोळ्यांना दुकानातला काच घासायचा जाड गॉगल लावला, दाराला कडी घातली आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसले. समोर बॅटरी. नजर हलणार नाही!

घरात बाथरूम एकच होतं, ही गोष्ट त्यांच्या पाहणीत सुटली होती.

साडू दाढी अर्धी टाकून फोन घ्यायला म्हणून नुकतेच तिथून बाहेर आले होते. अर्ध्या गालाला साबणाचा फेस, अर्धा गाल गुळगुळीत, आणि वस्तरा आत!

"कोण आहे आत?"

"मी! जरा वेळ लागेल!"

"सावकाश होऊ द्या," साडू म्हणाले. पाहुण्यांना काय घाई करायची!

फेस वाळून पापडी धरली तरी दार उघडेना. तोवर दारापुढे रांग लागली. मेव्हणी आली, चष्मेवाल्यांची बायको आली, साडूंचे वडील आबाही काठी टेकत आले. आबांनी जन्मभर गुरांची डॉक्टरकी केली होती. निवृत्त झाले, पण हात शिवशिवायचे थांबले नव्हते.

"बरं नाहीये का त्यांना?" मेव्हणीनं हळूच विचारलं.

"काल रात्री तिसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हाच मी डोळे वटारले होते," बायको म्हणाली.

आणि नेमकी त्याच घटकेला आत पहिली बॅटरी फुगली!

 चष्मेवाल्यांनी झटकन प्लग ओढला आणि नटबोल्टला फोन लावला. नटबोल्ट म्हणजे शर्यतीतला त्यांचा दोस्त. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण गाड्यांतलं सगळं त्याला कळायचं. चष्मेवाले हळू बोलायला गेले, पण बाथरूममध्ये कुजबुजसुद्धा सभेतल्या भाषणासारखी घुमते!

"नटबोल्ट, घोटाळा झाला! डाव्या बाजूला फुगलंय रे! टम्म!"

बाहेर चार कान दाराला चिकटले.

"हो, हात लावून बघितला. गरम लागतंय... वास? येतोय ना, गोडसर येतोय... नाही बाबा, टोचत नाही... मग काय, वाळूत पुरून टाकू?"

"अगं बाई!" बायकोनं बहिणीचा हात घट्ट धरला. "पुरायची भाषा करतायत!"

आबांचे डोळे मात्र चमकले. "डावी कूस, टम्म, अंग गरम, वास गोडसर. वायू धरलाय! म्हशीला असं झालं की मी कुशीत जाड सुई खुपसायचो. फुस्स! लगेच उठून चरायला लागायची!"

"आबा, ते म्हैस नाहीत!"

"वजन किती?"

बायको घुटमळली. "वजन... म्हणजे तसं..."

"मग झालं तर! माझी सुई आणा कपाटातून!"

आत चष्मेवाल्यांनी फुगलेली बॅटरी कुंडीत ठेवून वरून दोन्ही मोजे रिकामे केले होते. दुसरी बॅटरी चार्जरला लावून ते कपाळाचा घाम पुसत होते. इतक्यात बाहेरून आबांचा आवाज आला, "घाबरू नका! मी टोचतो, आत्ता मोकळं होईल!"

चष्मेवाले बादलीवरून पडता पडता वाचले. यांना बॅटरीचं कळलं कसं? आणि टोचतात काय!

"टोचू नका!" ते गरजले. "टोचलं तर भडका उडेल! मी व्हिडिओ बघितलाय!"

"बरळतायत," आबा म्हणाले. "ताप डोक्यात गेला."

"अहो, दार उघडा!" बायको रडकुंडीला आली. "मी काही बोलणार नाही, फक्त उघडा!"

"नाही उघडता येणार! मी इथून हललो तर घर पेटेल!"

आता साडूंनी फेसासकट अस्तन्या सरसावल्या. "व्हा बाजूला!" त्यांनी खांदा दिला. एकदा दिला, दोनदा दिला, आणि तिसऱ्यांदा कडी निखळून साडू, मागून मेव्हणी, तिच्या मागून बायको आणि सर्वांत शेवटी उगारलेल्या सुईसकट आबा असे सगळे एकावर एक आत आले!

समोर पालथ्या बादलीवर, गॉगल आणि गुलाबी हातमोजे घालून, दोन पायांत कुंडी धरून चष्मेवाले बसले होते. तांब्यात कोरफड होती. मशीनमध्ये ओले शर्ट लोंबत होते. आणि चार्जरचा दिवा लालाचा हिरवा होऊन टीं टीं टीं वाजू लागला.

"झालं!" चष्मेवाल्यांनी दोन्ही हात वर केले.

"मोकळं झालं?" आबांनी आशेनं विचारलं.

बायकोनं बॅटरीकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं.

"अगं, मी शब्द मोडलेला नाही," चष्मेवाले घाईघाईनं म्हणाले. "आपल्या घरात नाही केली मी. तू म्हणाली होतीस, या घरात..."

"म्हणजे माझं घर पेटवायला आलात का, भाऊजी?" मेव्हणी कडाडली. "आणि माझी कोरफड!"

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला खरंच माझ्या माणसांकडे यावंसं वाटलं."

 चष्मेवाल्यांनी गॉगल काढून हातात धरला. तोंडावर गॉगलचा लाल वळ आणि त्यात दोन ओशाळलेले डोळे. "चुकलं माझं," ते म्हणाले. "त्या गाडीनं एकदा, एकदाच ती रेघ ओलांडलेली बघायची होती गं. बाकी काही नाही."

 आबांनी सुई पिशवीत घातली आणि विचारलं, "पळते किती ही गाडी?"

"आबा, डोळा लवेपर्यंत दिसेनाशी होते!"

"मग मला बघायचीय!"

फुगलेली बॅटरी कुंडीसकट अंगणात, सगळ्यांपासून लांब ठेवली गेली. साडू उरलेल्या गालाची दाढी न करताच निघाले, कारण आता त्यांनाही राहवेना. मेव्हणी म्हणाली, "मी कोरफडीचा हिशेब आल्यावर करीन," आणि चपला घालून सगळ्यांच्या पुढे! बायको आली, पण काही न बोलता आली.

मैदानावर ही गर्दी! मातीची नागमोडी वाट, कडेला जुने टायर, आणि रिमोट घेतलेली माणसं फळ्यांच्या मचाणावर उभी. शिट्टी वाजली. गाड्या गांधीलमाश्यांसारख्या घोंघावत सुटल्या!

चष्मेवाल्यांची गाडी सरळ पळाली! उलटी नाही, गटाराकडे नाही, सरळ! पहिल्या फेरीला ती शेवटून दुसरी होती. दुसऱ्या फेरीला मधोमध आली. आबा काठी उंचावून ओरडायला लागले, "हय्या! सोडू नको तिला!" साडू टायरवर चढले. आणि शेवटच्या फेरीला गर्दीतून एक ओळखीचा आवाज चिरत आला.

"अहो, डावीकडून! डावीकडून काढा ना! किती वेळा सांगायचं!"

बायको! पदर खोचून, दोन्ही हात हलवत बायको ओरडत होती! चष्मेवाल्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एका शब्दात ऐकलं आणि गाडी डावीकडून काढली. पुढची गाडी मागे पडली! तिच्या पुढचीही पडली! आता समोर फक्त ती पांढरी रेघ!

आणि गाडी मंदावली. सोमवारी कामावर निघालेल्या माणसासारखी ती रेंगाळली, दोनदा हुंदका दिला आणि रेघेपासून वीतभर अलीकडे उभी राहिली. बाकीच्या गाड्या दोन्ही बाजूंनी सर्र सर्र रेघ ओलांडून पलीकडे जाऊन थांबल्या.

"असं कसं झालं?" चष्मेवाल्यांनी रिमोट झटकून बघितला. "पूर्ण चार्ज होती! दिवा हिरवा झाला होता!"

नटबोल्टनं चष्मेवाल्यांच्या पिशवीतून चार्जर काढला, जवळच्या प्लगला लावला आणि डोकं खाजवलं. "काका, हा तुम्ही साठवणीवर लावला होता. बॅटरी महिनाभर कपाटात सुरक्षित ठेवायची असली की हे बटण दाबतात. निम्मी भरली की चार्जर थांबतो."

"मग हिरवा दिवा?"

"निम्मी पूर्ण झाली, म्हणून लागला!"

थोडक्यात, चष्मेवाल्यांनी बॅटरी इतकी सुरक्षित चार्ज केली होती, की ती धड चार्जच झाली नव्हती!

त्यांनी चोरून बायकोकडे बघितलं. आता काय ऐकावं लागणार! बायको जवळ आली. तिचा आवाज ओरडून ओरडून पार बसला होता.

"उचला ती गाडी," ती म्हणाली. "आणि पुढच्या खेपेला ते बटण मी दाबणार आहे. आपल्याच घरात. तुमच्यावर सोडलं तर झालंच!"

पुढच्या खेपेला! चष्मेवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं. डोळ्यांत पाणी, त्यामुळे समोरचं धूसर. ते धावत रेघेजवळ गेले, गाडी उचलून छातीशी घट्ट धरली आणि सगळ्या मैदानाला दिसेल अशा ऐटीत बायकोकडे चालू लागले.

"ओ काका!" मागून कुणीतरी हाक मारली. "तुमची अजून तिथंच आहे! ही माझी!"