गळ्याचं बटण

टेलरमास्तरांनी स्वतः बांधलेल्या विमानाच्या इंजिनावर झाकण चढवलं, गळ्यातली टेप काढली आणि बायकोला गॅरेजच्या फरशीवर आडवं व्हायला सांगितलं. झाकण बसवायला चोवीस स्क्रू होते, तेही पाव फेरीचे. दाबायचे, पाव फेरी फिरवायचे, की खट्टकन आतल्या खोबणीत अडकतात. खोबणी खालच्या पट्टीवर आधीच बसल्या होत्या, आता फक्त झाकणाला भोकं पाडायची राहिली होती. जन्मभर काजं केलेल्या माणसाला त्यात काय अवघड?

चार वाजता विमानं तपासणारे साहेब येणार होते. सहा वर्षं गॅरेज अडवून बसलेलं हे प्रकरण आज पास झालं नाही, तर उद्या ते भंगारवाल्याला, असं मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. मास्तरीणबाईंनी ते लगेच कॅलेंडरवर लिहूनही टाकलं होतं.

"खालून हात लावून धर. झाकण हलता कामा नये."

"आणि माझा हात हलला तर?"

"हलवायचा नाही."

ड्रिल घरघरलं. पहिलं भोक पडलं आणि खालून किंकाळी आली.

"अहो, अंगठ्याला घासून गेलं! आणि इथे खाली खोबण कुठाय?"

मास्तरांनी वाकून बघितलं. पहिली खोबण चांगली चार बोटं पुढे होती. चाळीस वर्षं कोट शिवलेल्या हाताने मालकाला न विचारता कडेपासून अंगठाभर अंतरावर गळ्याचं बटण टाकलं होतं.

"विमानाला कुठला आलाय गळा?" मास्तरीणबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या.

मास्तर हटणारे नव्हते. हवी ती चोवीस भोकं त्यांनी एकेक खोबण चाचपून पाडली, स्क्रू अडकवले आणि मग ते त्या आगाऊ भोकाकडे वळले. काचेचं कापड कातरलं, वर चिकट रसायन चोपडलं आणि बायकोच्या हेअर ड्रायरने वाळवायला घेतलं. घासायला गेले तर भोवतालचा रंग उडाला. तेवढ्यापुरता रंग दिला तर ठिगळ उठून दिसायला लागलं. मग सगळी बाजूच रंगवायची ठरली, आतूनही. एका भोकापायी चोवीसच्या चोवीस स्क्रू परत बाहेर आले. तेवढ्यात ड्रायरने मान टाकली.

मास्तरीणबाई तरातरा आत गेल्या आणि इस्त्री घेऊन आल्या.

"लांबून धर हं," मास्तर म्हणाले, "घडी पडेल."

"तोंड बंद आणि हात चालू ठेवा. साडेतीन वाजलेत."

पावणेचारला झाकण बसलं. मास्तरांनी विमानाच्या वहीत लिहिलं, 'एक भोक चुकून पडलं. बुजवलं.'

"कशाला लिहिताय? कुणाच्या बापाला कळणार आहे?"

"गिऱ्हाइकापासून ठिगळ लपवलं नाही कधी."

साहेब बरोबर चारला आले आणि पहिला शब्द बोलले, "उघडा." चोवीस स्क्रू दोन मिनिटांत निघाले. इंजिन बघून साहेबांनी मान डोलावली. मग वही वाचली.

"ते बुजवलेलं भोक दाखवा."

मास्तर अभिमानाने पुढे झाले आणि तिथेच थबकले. भोक सापडेना. बाहेरून नाही, आतून नाही. त्यांनी चष्मा पुसला, झाकण उजेडात तिरकं धरलं, बोटं फिरवली. साहेबांनीही फिरवली.

"न बघता मला सही करता येत नाही. पुढची फेरी आठ महिन्यांनी."

स्वतःचंच काम इतकं सफाईदार झालं होतं की मास्तरांना रडू यायचं बाकी होतं. त्यांनी चोरट्या नजरेने बायकोकडे बघितलं. ती नुसती गप्प उभी राहिली असती, तरी उद्या गॅरेज मोकळं झालं असतं.

मास्तरीणबाई पुढे आल्या, झाकणाच्या कडेशी अंगठा आडवा ठेवला आणि त्याच्या टोकाशी बोट टेकवलं. "हे इथे. माझ्या अंगठ्याला घासून गेलंय, मी कशी विसरेन?"

साहेबांनी खिशातल्या नाण्याने टकटक केलं. तेवढ्याच जागी आवाज बसका आला. "आहे खरं! ठिगळ मजबूत आहे. लावा झाकण."

मास्तरांनी घाईघाईने चोवीस स्क्रू लावले. खट्ट आवाज मात्र तेवीस वेळाच आला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला, शेवटच्या स्क्रूवर सगळा भार टाकून दाबला आणि फिरवला. खट्ट झालं.

"हां. आता करा सही."