असहमतीचा रकाना

वार्षिक अहवालात रघुपती सरांनी आपल्याविषयी एकच शब्द लिहिलाय, तोही इंग्रजी, आणि तोही आपल्याला न येणारा, हे बघून हरीनं तो कागद चार वेळा उलटसुलट केला. शब्द होता 'डेफरेन्शियल'. गटप्रमुखाची बढती याच अहवालावर ठरायची होती. संध्याकाळी घरात पाऊल टाकताच त्यानं तो कागद लेकीपुढे धरला.

"वल्लरी, बघ गं जरा. शिवी आहे का ही?"

वल्लरीनं मोबाइलमध्ये बघितलं. "आदर दाखवणारा. मोठ्यांच्या मतापुढे मान तुकवणारा."

"म्हणजे कौतुकच की!" हरीचा जीव भांड्यात पडला.

"कसलं डोंबलाचं कौतुक!" त्याची बायको शुभदा पोळी लाटता लाटता म्हणाली. "वेटरला म्हटलं तर कौतुक. गटप्रमुख व्हायला निघालेल्याला म्हटलं की संपलंच! आणि खोटं काय आहे त्यात? सरांचा फोन आला की तू घरातसुद्धा उभा राहतोस. बंगळुरात फ्लॅट घेतला तोही बनशंकरीत, का तर सर 'एरिया बरा आहे' म्हणाले म्हणून!"

हरीनं कागद पुन्हा पुढ्यात ओढला. खाली दोन रकाने होते, 'सहमत' आणि 'असहमत', आणि त्याखाली कारणाचा तिसरा. पहिल्या दोनपैकी एकावर खूण करून कागद सकाळी सरांच्या हातात द्यायचा होता. सहमत म्हणावं, तर शब्द खरा ठरून बढती गेली. असहमत म्हणावं, तर सरांना चूक म्हणायचं, आणि वीस वर्षांत असलं पाप त्याच्या हातून घडलं नव्हतं.

शेवटी शुभदाच रघुपती सर होऊन खुर्चीत बसली. "म्हण, नाही सर."

"नाही... म्हणजे तुम्हाला तसं वाटत असेल तर, सर..."

"हरी!"

अकराव्या खेपेला जमलं. सकाळी त्यानं 'असहमत'वर अशी खूण केली, की कागदाला भोकच पडलं. केबिनबाहेर तीन ग्लास पाणी प्यायला आणि आत जाऊन कागद सरांपुढे ठेवला.

रघुपती सरांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, मराठीच, पण बोलण्यात कन्नड मुरलेलं. त्यांनी चष्मा वर केला. "असहमत?"

"हो सर. म्हणजे नाही सर. म्हणजे, असहमत सर."

सरांनी कागद उचलून भोकातून हरीकडे बघितलं. गेली नोकरी! फ्लॅटचं काय, वल्लरीच्या कॉलेजचं काय, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून सरकून गेलं.

आणि सर खो खो हसायला लागले. "सरी, बरोबर! वीस वर्षांत पहिल्यांदा नाही म्हणालास की रे! बैस, बैस." हरी आयुष्यात प्रथमच त्या खुर्चीत टेकला, तोही अर्धाच. सरांनी पेन उघडलं. "खोडतो हा शब्द. बढतीची शिफारसही करतो. स्वल्प थांब, कारणाचा रकाना कोराच आहे की. माझा शब्द चूक कसा, ते दोन ओळी लिही बघू."

हरी ताडकन उभा राहिला. खिशातून पेन काढलं, कागद सरळ केला आणि अदबीनं वाकून म्हणाला, "सांगा सर, काय लिहू?"

सरांनी आपल्या पेनाला हळूच टोपण लावलं.