रविवारी चक्की बंद

दर रविवारी दुपारी नारायणकाका माझ्या पिठाच्या चक्कीसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि गिऱ्हाईक परत पाठवायचे. "आज रविवार हाय. दळण उद्या आणा. जर्मनीत रविवारी आवाज करत नाहीत."

"काका, हे उंद्री गाव हाय!" मी आतून ओरडायची. बायका आठवड्याचं दळण रविवारीच आणतात, आणि हे महाराज दारात!

"मले माहीत हाय. पण सवय कराले काय जाते?"

हे खूळ कुठून आलं ते सांगते. काका माझे शेजारी, एसटीतले रिटायर कंडक्टर. काकू गेल्या, घरात एकटेच. एकुलता एक मंगेश जर्मनीत दवाखान्यात ब्रदर आहे, बायको-पोरगी तिकडेच. त्याला कायमचं तिकडचं नागरिक व्हायचं होतं, आणि त्यासाठी परीक्षा असते. भाषा, कायदे, रीतभात, सगळं यायला पाहिजे. बाहेरून कामाला आलेल्यांनी आमचा देश आधी समजून घ्यावा, नाहीतर देशाची ओळखच पुसली जाईल, असं तिथल्या सरकारचं म्हणणं.

मला तर रागच आला. "माणूस पाह्यजे त्याईले, अन् वरून परीक्षा? रात्रपाळी कराले कोण येते मंग?"

"सून आणली तर घरची रीत शिकवतोच ना आपण?" काका म्हणाले. "मंगेश तिकडची सून हाय असं समज."

सून राहिली बाजूला, बापच नांदायला लागला! काकांच्या अंगणात कचऱ्याचे तीन डबे आले. कागद वेगळा, बाटल्या वेगळ्या, उष्टं वेगळं. माझ्या शेळीनं तिन्ही डबे सारख्याच प्रेमानं पालथे केले. "तिकडे असं चालत नाही," काकांनी शेळीला सांगितलं. एका लग्नाला ते पत्रिकेत छापलेल्या वेळेवर गेले, तर मांडवात फक्त मंडपवाला. त्यालाही ऐकवलंच, "तिकडे असं चालत नाही." ॲल्युमिनियमच्या भांड्याला आमच्याकडे जर्मनचं म्हणतात, तर गावातली पोरं त्यांना 'जर्मनचं पातेलं' म्हणायला लागली.

संध्याकाळी ओट्यावर व्हिडिओ कॉल. काका मराठीत प्रश्न विचारणार, मंगेश जर्मनमध्ये उत्तर देणार, आणि जर्मनचा एक शब्द न कळणारे काका निकाल देणार. "बरोबर!" नाहीतर, "चूक. पुन्हा सांग."

"तुमाले काय कळते हो त्यातलं?" मी विचारलं.

"त्यात काय? ठोकून दिलं की कान खाजवते तो. लहानपणापासून."

मंगेश पास झाला. काकांनी गल्लीभर पेढे वाटले, तेही रांग लावून. मी म्हटलं, "मजा हाय बुवा पोराची! आता दोन पासपोर्ट. एक तिकडचा, एक आपला."

"आपला वापस करा लागते."

"काऊन? तिकडे दोन चालत नाहीत?"

"तिकडे चालते." काकांनी पेढ्याच्या डब्याचं झाकण लावलं. "इकडे चालत नाही."

"मंग घरी येईल तवा?"

"पाहुणा म्हणून येईल. त्याचं बी कार्ड भेटते म्हणे."

"हे तुमाले आधीपासून माहीत होतं?"

"हाव."

"अन् तरी घोकून घेतलं? एखादं उत्तर चुकू द्यायचं होतं! नापास झाला असता तर आला असता कधी ना कधी वापस."

"नापास पोरगा कोणत्या बापाले पाह्यजे, सुमन? त्याची पोरगी तिकडच्या शाळेत जाते. तिले तिकडचंच गोड लागते आता."

माझ्या हातातला पेढा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी मी आपणहून चक्की बंद ठेवली. आलेल्या बायकांना "उद्या या" म्हटलं. त्यांनी मला वेड्यातच काढलं. म्हटलं, काढा. म्हाताऱ्याचं मन राहू द्या.

दुपारी काका खुर्ची घेऊन आले. बंद चक्कीकडे बघत उभेच राहिले.

"बंद काऊन हाय?"

"रविवार ना, काका. जर्मनीत..."

"चालू कर, सुमन. लय शांत वाटून राह्यलं घरात."

मी घरचेच गहू ओतले आणि बटण दाबलं. काकांनी खुर्ची पार चक्कीजवळ ओढली आणि पीठ अंगावर घेत संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले.