मंत्र्यांची एक बादली

वेरवंडी नगरपंचायतीची सभा चहा येऊन गार झाला तरी एकाच गोष्टीवर अडून बसली होती. पावसाळी अधिवेशनाआधी एक मंत्री रत्नागिरीत येणार होते. गावोगावच्या मागण्या ऐकून घेऊन त्या विधानसभेत मांडायच्या, असा त्यांचा बेत होता. निरोप मात्र स्पष्ट होता: एका गावाने एकच मागणी आणावी, पोतं भरून आणू नये.

एकच म्हटल्यावर सगळेच पेटले. सदस्य हरिश्चंद्र पालकरांना एसटी स्टँडवर छप्पर हवं होतं. उपाध्यक्ष अस्लम मुकादम यांना बंदरातला गाळ काढून हवा होता, कारण ओहोटीला होड्या चिखलात रुतून बसत. स्मशानाच्या वाटेची मागणी करणारे सदस्य तर, ही वाट सगळ्यांनाच लागणार आहे, असं म्हणून सभेकडे रोखून पाहत राहिले. मधूनच कोणीतरी माकडांचा विषय काढला आणि सभा बराच वेळ माकडांवरच रमली.

नगराध्यक्षा मालनताई शिरधनकर सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. त्यांचं मन केव्हाच ठरलं होतं. मे महिना लागला की वेरवंडीच्या विहिरी खारट व्हायच्या आणि खारवीवाडीच्या बायका हंडे घेऊन टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायच्या. ताई स्वतः खारवीवाडीच्या माहेरवाशीण. नळयोजना आणल्याशिवाय या खुर्चीतून उठायचं नाही, असं त्यांनी निवडून आल्या दिवशीच मनाशी ठरवलं होतं. शेवटी त्यांनी एकेकाला बाजूला घेऊन समजावलं, दोघांवर रागावल्या, एकाच्या बायकोला फोन केला आणि पाणी पहिलं ठरलं. अस्लमभाई तेवढे फुगून बसले. पाण्याचं बोलून झाल्यावर वेळ उरला तर गाळाचं बोलायची मुभा त्यांना मिळाली, तेव्हा कुठे त्यांनी सही केली.

ठरल्या दिवशी ताई, अस्लमभाई आणि पालकर नगरपंचायतीच्या जीपमधून निघाले. रत्नागिरी जवळ आली आणि शेवटच्या चढणीला जीपने वाफा सोडायला सुरुवात केली. ड्रायव्हरने बॉनेट उघडून पाहिलं तर रबरी पाइप फाटलेला. भर उन्हात तिघे काजूच्या झाडाखाली उभे राहिले. मंत्र्यांची वेळ टळत चालली होती आणि रिक्षा एकही दिसत नव्हती.

तेवढ्यात समोरून वेरवंडीचाच टँकर डुलत येताना दिसला. बाबल्या रोज रत्नागिरीजवळच्या एका विहिरीवर तो भरून गावी नेत असे. ताईंनी हात केला, टँकर थांबला, आणि ताई चढून आत बसल्यासुद्धा.

"फिरव," त्या म्हणाल्या.

"ताई, पाणी खारवीवाडीचं हाय. बायका वाट बघतायत," बाबल्या म्हणाला.

"त्यांच्यासाठीच चाललेय मी. फिरव."

पुढे तिघांपुरतीच जागा होती. पालकर जीप राखायला मागे राहिले.

मंत्र्यांचा मुक्काम गावाबाहेरच्या एका जुन्या विश्रामगृहात होता. फाटकापाशी बाकीच्या गावांची शिष्टमंडळं हार सुकवत ताटकळत उभी होती. आपला नंबर केव्हा लागणार, या विचाराने अस्लमभाईंनी कपाळाचा घाम पुसला. पण टँकर दिसताच फाटकावरचा पोलीस धावत आला. त्याने फाटक सताड उघडलं, गर्दी बाजूला सारली आणि इतका वेळ कुठे होतात, असं म्हणत टँकर थेट मागच्या अंगणात घ्यायला लावला. नगराध्यक्षांचा असा मान रत्नागिरीत पहिल्यांदाच ठेवला गेला होता. अस्लमभाई सावरून बसले.

मागच्या अंगणात खानसामा पाइप घेऊन तयारच होता. त्याच्या बोलण्यातून उलगडा झाला. विश्रामगृहाचा पंप सकाळीच जळला होता, टाकी कोरडी पडली होती आणि मंत्री ऐन आंघोळीत अडकले होते. त्यांनी मागवलेला टँकर तो हाच, अशी सगळ्यांची समजूत झाली होती.

खानसाम्याने पाइप जोडायला हात पुढे केला. ताई चटकन खाली उतरल्या आणि टँकरच्या तोटीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"हे पाणी तुमचं नाय. आमच्या खारवीवाडीचं हाय."

मंत्र्यांचा पीए धावत आला. आधी त्याने हुकूम सोडला, मग विनवणी केली. "बाई, साहेबांच्या सगळ्या अंगाला साबण आहे हो."

"आमच्या लोकांच्या अंगाला मीठ हाय," ताई म्हणाल्या. "मी काय लोकांच्या तोंडचं पाणी टाकीत ओतून जाऊ?"

अस्लमभाईंनी हळूच त्यांच्या कानाशी लागून सांगितलं की ज्यांच्याकडे मागायला आलो, त्यांनाच अडवणं बरं दिसत नाही. ताई विचारात पडल्या. मागणाऱ्याला पाणी नाही म्हणणं त्यांच्याही जिवावर आलं होतं. त्यांनी खानसाम्याकडून बादली मागून घेतली, तोटी सोडली, बादली काठोकाठ भरली आणि तोटी घट्ट बंद केली.

बादली आत गेली. थोड्याच वेळात न्हाणीघराच्या उंचावरच्या झडपेतून आवाज आला, "अहो, एका बादलीत कसं भागणार?"

ताईंनी पदर सावरला, झडपेकडे पाठ केली आणि मोठ्याने सांगितलं, "भागतं साहेब. डोक्यावर एकदम ओतू नका. तांब्याने घ्या, मानेवरून सोडा, हाताने साबण निपटा. पाय शेवटी. आमच्याकडे एवढ्यात दोन माणसं न्हातात."

पीएने डोळे मिटून घेतले. मग तांब्याचा आवाज येऊ लागला, अगदी जपून, थांबत थांबत.

मंत्री बाहेर आले तेव्हा त्यांचे केस साबणाने ताठ उभे होते आणि एका कानामागे फेस होता. त्यांनी बाकी सगळ्यांना थांबवून आधी वेरवंडीला बोलावलं. ताईंना फार काही सांगावंच लागलं नाही. मंत्री मान डोलावत ऐकत होते आणि मध्येच पाठ खाजवत होते. हा विषय आपण स्वतः सभागृहात मांडू, असा शब्द त्यांनी दिला आणि पुढच्या गावाला बोलावलं. गाळाला वेळ उरलाच नाही.

टँकर खारवीवाडीत पोचला तेव्हा ऊन कलायला आलं होतं. बायकांनी बाबल्याला फैलावर घेतलं. ताईंनी पुढे होऊन उशिराचा दोष आपल्यावर घेतला आणि एक बादली कमी आहे, तेही सांगितलं. ती कुठे गेली, असं सोनूबाईने विचारलं.

"मंत्री न्हाले," ताई म्हणाल्या.

सोनूबाईने हंडा लावता लावता विचार केला. "मेल्यांना आता तरी कळेल," ती म्हणाली, आणि पुढची बाई सरकली.

अधिवेशन सुरू झालं. मंत्र्यांनी शब्द पाळला. एका बादलीत आंघोळ करायला शिकवणाऱ्या वेरवंडीचं त्यांनी असं काही वर्णन केलं की सभागृहाने बाकं वाजवली. संध्याकाळी नगरपंचायतीत फोन आला. पाण्याच्या काटकसरीसाठी वेरवंडीचा मुंबईत जाहीर सत्कार होणार होता. ढाल मिळणार होती. नळयोजनेचं कोणी नावही काढलं नव्हतं.

सभेत संताप उसळला. पालकर म्हणाले, ढाल काय टाकीवर ठेवायची? सत्कार नाकारावा, असा ठराव ते मांडायला निघालेसुद्धा. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्यांनी पुसलं आणि विचारलं, "सत्काराला कोणकोण असणार?"

मुख्यमंत्र्यांपासून सगळे असणार होते. आणि सत्कार घेणाऱ्याने दोन शब्द बोलायचे होते.

"मग मी जाणार," ताई म्हणाल्या. "ढाल हातात घेते आणि माइक सोडत नाय. काय बोलायचं तेवढं आता ठरवा."

सगळ्यांनी धास्तावून अस्लमभाईंकडे पाहिलं. ते सावकाश उठून उभे राहिले.

"पाणीच बोला ताई. फक्त पाणी."

"आणि तुमचा गाळ?"

"तो कुठे जातोय," अस्लमभाई म्हणाले.