योहानमास्तरांचं भय

योहानमास्तर कुत्र्यालाही ‘अहो’ म्हणायचे. बाजारातलं एक खरजुलं कुत्रं त्यांच्या दुकानाच्या पायरीवर येऊन पसरायचं. मास्तर वाकून म्हणायचे, “जरा सरकता का? गिऱ्हाईक यायलंय.” कुत्रं ढिम्म. मग मास्तर गिऱ्हाइकालाच सांगायचे, “आपण असं बाजूनं या.”

सोनपेठच्या रस्त्यावरच्या त्या गावात मी शाळेत बाई होते. माझ्या आणि मास्तरांच्या खोलीत एकच भिंत. मास्तर म्हणजे कपडे शिवणारे मास्तर, धर्मानं ख्रिस्ती. मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेले, त्यामुळं त्यांची जात कुणालाच, त्यांनाही ठाऊक नव्हती. म्हणूनच बहुधा घरमालक देशमुखांनी त्यांना बाजारात खोली दिली होती, तिच्यातच दुकान. बायको वारलेली, लेकरूबाळ नाही.

दर रविवारी गावाबाहेरच्या वस्तीत जाऊन ते प्रार्थना घ्यायचे. वस्ती बौद्धांची, तिच्यातच दोन-चार घरं ख्रिस्त्यांची. उपदेश ठरलेला: जो भेटेल त्याला मान, आपल्या माणसांवर माया आणि भय फक्त देवाचं. यातलं पहिलं त्यांना छान जमायचं. तिसऱ्यात घोळ होता. मास्तर बैलाला भ्यायचे, पालीला भ्यायचे, विजेच्या तारेला आणि एसटीच्या कंडक्टरला भ्यायचे. मी एकदा हसले, तर म्हणाले, “भ्यायचं एकालाच असतं, बाई. पण बाकीचे मधेमधे येतात.”

दुसऱ्याचीही, म्हणजे मायेची, पंचाईत झाली होती. वस्तीतला शिमोन गवंडी त्यांच्या प्रार्थनेतला पहिला माणूस. वस्तीच्या हापशावरून देशमुखांशी झालेल्या भांडणात त्यानं मास्तरांना तहसीलला सोबत यायला सांगितलं होतं. त्या दिवशी मास्तरांना ताप भरला. शिमोननं भर प्रार्थनेत विचारलं, “मास्तर, तुमाला देवाचं भ्या हाय का देशमुखाचं?” तेव्हापासून तो मास्तरांशी बोलायचा बंद झाला. प्रार्थनेला मात्र यायचा आणि भिंतीकडं तोंड करून बसायचा. मास्तर त्याच्या पाठीला उपदेश करायचे.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमच्या भागात आग लागली. एसट्या बंद पडल्या. आसपासच्या गावांतल्या वस्त्या पेटवल्याच्या बातम्या पायी येणारी माणसं सांगायची, तीही कुजबुजत. नदीच्या अंगाला धूर दिसायचा आणि तो कशाचा हे कुणी विचारायचं नाही. पारावर बसणारी रोजची माणसं मी जवळ गेले की गप्प व्हायची. मुलांना पाटीवर ‘घर’ लिहायला सांगतानाही माझा आवाज चिरकायचा.

देशमुखांनी मास्तरांना बजावलं, की दारावर मोठा क्रूस टांगा आणि आत बसा, तुम्हाला कुणी हात लावत नाही. मास्तर “जी” म्हणाले. भिंतीपलीकडं त्यांची मशीन दिवसभर मुकी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. दाढी वाढलेली, ओठ पांढरे.

“बाई, आपल्याला भीती वाटते का?”

मी म्हटलं, वाटते.

“मला तर लय वाटायलीय,” असं म्हणून ते गेले. थोड्या वेळानं पाहते तर हातगाड्यावर शिलाई मशीन, तिच्यावर शिवायला आलेल्या कपड्यांचा ढीग, आणि मास्तर गाडा ढकलत भर बाजारातून वस्तीकडं निघालेले. वाटेत जो दिसेल त्याला नमस्कार. कुणी उलट नमस्कार केला नाही.

माझी शाळा वस्तीला लागून. मुलं आली नव्हती, मी एकटीच वर्गात होते. दुपारी आरडाओरडा ऐकू आला. खिडकीच्या फटीतून पाहिलं. काठ्या, रॉकेलचे डबे. निम्मे परके, निम्मे आपल्या गावचे. वस्तीच्या तोंडाशी, शिमोनच्या दारात, मास्तर मशीन चालवत बसले होते. ते उठले तेव्हा मशीनला धरून उठले.

“या गणपतराव,” ते म्हणाले. आवाज इतका कापत होता की मला कान देऊन ऐकावं लागलं. “आपल्या भावाचा लग्नाचा कोट झालाय. काजं तेवढी राहिलीत. विठ्ठलराव, आपल्या मंडळींची चोळी आत आहे. बसता का?”

गणपतनं हातातला डबा पाठीमागं नेला. परक्यांपैकी एकानं मास्तरांना ढकललं, ते पडले. तरी उठून त्यालाही म्हणाले, “आपलं नाव कळलं नाही.” मग आपल्या गावचे एकेक मागं सरले. परक्यांनी जाताजाता कडब्याची गंजी आणि कडेचं एक घर पेटवलं. त्यातली म्हातारी आणि शेळ्या वस्तीतल्यांनी वेळेवर बाहेर काढल्या, म्हणून माणूस-जनावर वाचलं. घर मात्र राख झालं.

पुढं गाव निवळलं. लोक मास्तरांची हुशारी सांगू लागले, की त्यांनी गावाचेच कपडे वस्तीत नेऊन ठेवले, मग पेटवणार कसे? कपडे न्यायला बरेचजण पहिल्यांदाच वस्तीत शिरले, अंग चोरत. मास्तर मात्र बाजारात परतले नाहीत.

खोली रिकामी करायची का, हे देशमुखांनी मला विचारून यायला सांगितलं. मी गेले तेव्हा मास्तर शिमोनच्या ओसरीवर होते. कपड्यांची युक्ती कशी सुचली, असं मी विचारलं.

ते ओशाळले. “युक्ती कसली, बाई. मशीन सोडून कसं येणार, म्हणून आणली. कपडे तिच्यावरच होते. त्या खोलीत मला एकट्याला भ्यायला होईना. इथं सगळेच भीत होते.”

त्यांचे हात अजून थरथरत होते, दोरा सुईच्या नाकात जात नव्हता. शेजारी बसलेल्या शिमोननं एक शब्दही न बोलता सुई त्यांच्या हातातून घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि ओवून परत दिली.