व्याह्यांची पांढरी गाडी

व्याह्यांच्या गाडीवर ओरखडा पडला तो सोनगीरला, आणि पडला तोही व्याह्यांच्याच मानासाठी घेतलेल्या पितळी हंड्याने. दुकानातून हंडा आणून हेमराजभाऊंनी तो घटकाभर बॉनेटवर ठेवला आणि डिकी उघडायला मागे वळले. उतरत्या पत्र्यावरून हंडा आपल्या मनाने निघाला आणि खाली मातीत जाऊन बसला. हंड्याला पोचासुद्धा आला नाही. गाडीवर मात्र काचेपासून दिव्यापर्यंत एक लांब लालसर रेघ उमटली.

"मी सांगेल व्हतं, एस्टीनी जाऊत," शेवंताबाई म्हणाल्या.

"हंडा घेऊन एसटीत कुठं बसली असतीस?"

"हंडामा तर नही बसती ना मी." त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "आते व्याहीले काय सांगशात?"

जळगावच्या अभिमन आबांच्या हितेंद्रला हेमराजभाऊंची मयुरी गेल्या हिवाळ्यात दिली होती. लग्नाच्या बैठकीत आबांनी इतर गोष्टी हळू आवाजात सांगितल्या होत्या, पण "आता आपण गाडी घेतली आहे" हे वाक्य त्यांनी मांडवाबाहेरच्या वाजंत्र्यांनाही ऐकू जाईल असं उच्चारलं होतं. परवा ते आणि विहीणबाई धुळ्याला आले. पुढे नातेवाइकांच्या बसने सुरतेला लग्नाला जायचं, म्हणून गाडी देवपुरात हेमराजभाऊंच्या अंगणात लावली. "वापरा खुशाल," ते म्हणाले होते. जेवून उठलेला माणूस पाहुण्याला "बसा जेवायला" म्हणतो, तसं. आणि पायरी उतरल्यावर परत वर चढून म्हणाले होते, "फक्त धुऊ नका. आणि कापडाने पुसूही नका. मी आल्यावर बघीन."

असं सांगून गेलेल्या माणसाच्या गाडीला मुलीच्या बापाने ओरखडा पाडला होता. आबा तोंडावर काही म्हणाले नसते. ती काळजीच नव्हती. पण भाजीत मीठ जास्त पडलं, दूध उतू गेलं, की मयुरीच्या सासरी कोणीतरी म्हणणार, "त्यांच्याकडे सगळं असंच असतं, गाडीचं नाही का केलं." असं एक वाक्य एखाद्या घरात शिरलं की जन्मभर तिथे राहतं, हे हेमराजभाऊंना ठाऊक होतं. त्यांच्या घरातही अशी दोनचार वाक्यं होती, शेवंताबाईंच्या माहेरची.

त्यांनी आधी गॅरेज गाठलं. गॅरेजवाल्याने रेघ पाहिली, नंबर पाहिला आणि मान वर केली. "जळगावची गाडी? जळगावात कोणाची? आमची सासुरवाडी जळगावची."

बोलता बोलता तो अभिमन आबांच्या मामेबहिणीचा जावई निघाला. हेमराजभाऊंनी "हवा किती आहे तेवढं बघा" म्हणून चाकांत हवा भरून घेतली आणि गाडी घरी आणली.

हेमराजभाऊ कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून निवृत्त झाले होते. रंग म्हणजे काय, द्रावक म्हणजे काय, हे आपल्याला कळतं, अशी त्यांची समजूत होती. ते नूर महंमदच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"पांढरा रंग द्या. लोखंडासाठी."

"पांढरा कोणता, भाऊ? दुधी, मोतिया, बर्फाचा, का साधा?"

"साधा म्हणजे कसा?"

"साधा म्हणजे जो कोणी विचारत नाही, तो." नूर महंमदने डबा पुढे सरकवला. "गेट रंगवायचं का?"

"हो. गेटच."

"मग ब्रश मोठा न्या. गेटला छोटा ब्रश कोण नेतो?"

हेमराजभाऊंनी छोटा ब्रश ठेवून मोठा घेतला, कारण नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

वैशाखातला वारा धूळ घेऊनच अंगणात येतो, म्हणून त्यांनी गाडीभोवती दोऱ्या बांधून शेवंताबाईंच्या जुन्या साड्या सोडल्या. नंबराच्या पाटीला रंग लागू नये म्हणून तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. मग आत शिरून रेघेवर ब्रश फिरवला. रेघ बारीक होती आणि ब्रश मोठा. रेघ झाकली गेली, पण तिच्या जागी वीतभर रुंदीचा एक झगझगीत पट्टा तयार झाला. गाडीचा पांढरा आणि डब्यातला पांढरा यांची काही ओळख नव्हती.

शेवंताबाईंनी पडदा बाजूला करून पाहिलं. "चुना लायेल दिखस."

"वाळला की एकजीव होईल."

वाळला, आणि आणखी वेगळा दिसू लागला. तेव्हा हेमराजभाऊंना आठवलं, की जे लागतं ते काढताही येतं. ते पुन्हा नूर महंमदकडे गेले आणि थिनर आणलं. फडक्यावर थोडं घेऊन पट्टा पुसला. पट्टा निघाला, म्हणून थोडं जास्त घेतलं. मग पट्ट्याखालचा गाडीचा मूळ रंगही साय निघावी तसा निघाला, आणि त्याखाली विटका तांबडा रंग दिसू लागला.

हेमराजभाऊ फडकं हातात धरून उभे राहिले. कंपनीत भट्टीत भाजलेला रंग थिनरच्या एका हाताने निघत नाही, एवढं त्यांना नक्की माहीत होतं. त्यांनी दाराच्या फटीत पाहिलं. आत तांबडा. बॉनेट उचललं. आतून सगळं तांबडं.

"ही गाडी पांढरी नाही," ते शेवंताबाईंना म्हणाले.

"मंग माले काय डोया नहीत?"

"पांढरी केलेली आहे. कोणीतरी वरून रंग दिलाय. हातानं."

बाहेरच्या रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी गेली, तेवढ्यानेही हेमराजभाऊंनी पडदा ओढून घेतला.

"चांगला मानूस गाडीना रंग कसाले बदलाडी?" शेवंताबाईंनी विचारलं.

चांगला माणूस कशाला बदलेल, याचा हेमराजभाऊ विचार करू लागले आणि एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. धुऊ नका. पुसू नका. विहीणबाई गाडीत बसताना दाराला हात न लावता पदराने दार ओढून घेत होत्या. गाडी कुठून घेतली असं बैठकीत कोणी विचारलं, तेव्हा आबांनी "घ्या, चहा घ्या" म्हणून बशी पुढे केली होती.

"आपली पोर कोना घरमा दिधी आपन?" शेवंताबाई खाली बसल्या.

हेमराजभाऊंनी मयुरीला फोन लावला. "काय गं, सहज विचारतो. तुझ्या सासऱ्यांनी ही गाडी कुठून घेतली?"

मयुरीने उलट विचारलं, "का हो पप्पा?"

"सहज."

"सुरतहून बहुतेक. मला काय माहीत? आणि तुम्ही गाडीपाशी कशाला गेलात? पप्पा, कुकर झालाय, ठेवते."

कुकरची शिट्टी काही ऐकू आली नव्हती. सुरत मात्र ऐकू आली. आबा आता सुरतेलाच गेले होते, लग्नाला म्हणून.

"पोरले बी माहीत शे," शेवंताबाई हळूच म्हणाल्या.

या क्षणी दुसऱ्या कोणी पोलिसांत जाण्याचा विचार केला असता. हेमराजभाऊंनीही तो केला, पण पाणी पिऊन होईपर्यंतच. गाडी चोरीची असली, तरी मुलगी आपली होती. ती तांबडी जागा कोणाच्या नजरेला पडली, तर आबा आत जातील, आणि त्यांच्यामागे मयुरीचा संसार. ओरखडा झाकायला निघालेला माणूस आता गुन्हा झाकायला तयार झाला. फरक इतकाच, की आता त्याला सगळी गाडी रंगवावी लागणार होती, कारण अर्धी रंगवून अर्धी सोडली असती तर दोन पांढरे शेजारी शेजारी दिसले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा ते दुकानात गेले, तेव्हा नूर महंमदने डबे देता देता विचारलं, "गेट केवढं आहे, भाऊ?"

"मोठं आहे."

"कारखान्याचं आहे का?"

हेमराजभाऊ डबे पिशवीत घालून निघाले आणि घराच्या फाटकाशीच शेजारच्या सुपडू आप्पांच्या तावडीत सापडले.

सुपडू आप्पा एसटीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाले, तरी समोरचा माणूस विनातिकीट आहे असंच धरून ते बोलायला सुरुवात करत. हेमराजभाऊंच्या फाटकासमोर त्यांनी खुर्ची टाकली होती.

"काय रे हेमराज, लगीन शे का घरमा? पडदा लायेल शेत."

"नाही. ऊन लागतं."

"कोनले?"

"गाडीला."

"गाडी कोनी शे?"

"व्याह्यांची."

"व्याही कोठे शेत?"

"लग्नाला."

"आनि नंबर कसाले झाकेल शे?"

नंबर झाकायचं कारण खरं आणि साधं होतं, पण ते सांगायचं तर रंगाचं सांगावं लागणार होतं. हेमराजभाऊ म्हणाले, "तोही उन्हात फिका पडतो."

आप्पांनी मान हलवली. खोटा पास दाखवणाऱ्या माणसाकडे बघून ते अशीच मान हलवत असत. मग त्यांनी खुर्ची थोडी पुढे, सावली सोडून उन्हात घेतली, म्हणजे साड्यांच्या फटीतून दिसेल.

हेमराजभाऊ आत गेले आणि कामाला लागले. ब्रशचे केस सुटून रंगात चिकटत होते. अंगणातल्या कडुलिंबाचा मोहर चिकटत होता. एक मुंगळा टपावरून चालत निघाला आणि मध्यावर कायमचा थांबला. शेवंताबाई दुसऱ्या बाजूने जुन्या बनियनने रंग सारखा करत होत्या. दोघं कुजबुजत बोलत होते, त्यामुळे बाहेर आप्पांना त्यांचा प्रत्येक शब्द महत्त्वाचा वाटत होता.

एवढ्यात रिक्षा थांबली. हातात पिशवी घेऊन एकटे अभिमन आबा उतरले. लग्न उद्या असताना ते आज परत आले होते. शर्ट चुरगळलेला होता.

आप्पा खुर्चीतून उठले. "कोन तुम्ही?"

"मी यांचा व्याही."

"गाडीवाला?"

आबांचा चेहरा उतरला. "का? गाडीचं काय झालं?"

"ते तुम्हीच सांगा. आत चोरीना माल रंगाडी ऱ्हायनात, असं माले वाटस. मी आजून कोनले सांगेल नही."

"सांगूही नका," आबा घाईने म्हणाले आणि फाटकातून आत आले.

हेमराजभाऊंनी हे सगळं पडद्याआडून ऐकलं. निर्दोष माणूस "सांगूही नका" कशाला म्हणेल? त्यांनी शेवंताबाईंना आत पाठवलं आणि ब्रश घट्ट धरून उभे राहिले. तेवढ्यात साडी बाजूला झाली.

आबांनी गाडी पाहिली. तीन बाजू झगझगीत पांढऱ्या, बॉनेट तांबडं, टपावर मुंगळा. मग पडदा मागे नीट लावून घेत त्यांनी विचारलं, "विहीणबाईंनी पाहिलं?"

"पाहिलं."

आबा चाकाजवळ उकिडवे बसले. "मला वाटलंच होतं. भाऊ, बैठकीत तुम्ही कॉलेजातले, तुमचे भाऊबंद सगळे नोकरीवाले. मी केळीच्या बागेतला माणूस. गाडी घेतली म्हटलं, ते खोटं नव्हतं. फक्त कोणी वापरलेली की कोरी, हे तुम्ही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सुरतेच्या एका कापडवाल्याची होती, नंबर तेवढा जळगावचा करून घेतला. तांबडा रंग सगळा उडालेला. तिला कोरी म्हणून दारात कशी उभी करू? मग मी आणि हितेंद्रच्या आईने केळीच्या शेडमध्ये रंगवली. गेटचा रंग आणला."

"कोणता पांढरा?" हेमराजभाऊंनी विचारलं.

"मोतिया."

"मी साधा आणला."

आबांनी वर पाहिलं. "पण तुम्ही का रंगवताय?"

तेव्हा हेमराजभाऊंनी सोनगीरचं, हंड्याचं आणि थिनरचं सांगितलं. गाडी चोरीची वाटली होती, हे सांगितलं नाही. आबांनीही आप्पांचं बोलणं काढलं नाही. जाणत्या वयाची दोन माणसं एकमेकांना इतकी घाबरून होती, हे दोघांनाही एकदम कळलं, आणि कळल्यावर दोघांनीही गाडीकडे बघणं पसंत केलं.

"बॉनेट राहिलंय," आबा म्हणाले. "असं अर्धं घेऊन जळगावात कसा शिरू?" त्यांनी पिशवी खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि बनियनचा बोळा उचलला. त्यांचा हात सफाईने चालत होता. बाहेर आप्पांनी पडद्यामागे दोन पुरुषांचे पाय पाहिले, आणि ही एकट्याची चोरी नसून टोळी आहे, हे त्यांना पटलं.

कोपरापर्यंत रंगात भरलेल्या आबांच्या खिशात फोन वाजला.

"घ्या हो जरा भाऊ. माझे हात बघा."

हेमराजभाऊंनी त्यांच्या खिशातून फोन काढून कानाला लावला. ते "हॅलो" म्हणायच्या आत पलीकडून आवाज आला.

"आबा, पोचलात का? पप्पांना कळलं नाही ना अजून? मी तर त्यांचा फोन आला तशी घाबरलेच, म्हणून तुम्हाला लगेच निघा म्हटलं. तुम्ही काळजी करू नका. त्यांना काहीही सांगा, त्यांना पटतं. आपल्या घरची गोष्ट आपल्या घरातच राहील."

हेमराजभाऊ आबांसारखा जरा घोगरा आवाज काढून "हं" म्हणाले आणि फोन बंद केला.

"कोणाचा होता?" बॉनेटवरून हात न काढता आबांनी विचारलं.

"तुमच्या सुनेचा," हेमराजभाऊ म्हणाले, आणि फोन पुन्हा त्यांच्या खिशात ठेवला.